‘जाऊ दे’वाली ऊर्मी

कॅनडातल्या रेजिनात ऊर्मी देशकर कोण म्हणून विचाराल तर लोक खांदे उडवतील. ‘जाऊ दे’वाली बाई म्हणा, लगेच ओळखतील, आणि वर तो शब्द स्वतः म्हणूनही दाखवतील, मान मागे टाकून, "जाव डे!" असा. कॉफीच्या दुकानातली पोरगी कपावर तिच्या नावाऐवजी तेच लिहिते. ऊर्मी हसते. न हसून सांगते कुणाला? पोट त्याच शब्दावर चालतं.

शब्द मूळचा तिच्या बाबांचा. ईश्वरराव नागपूरचे. सरकारी खात्यात इंजिनियर म्हणून इथे आले आणि उणे चाळीसच्या थंडीत मुकाट्याने दारापुढचा बर्फ फावड्याने उपसत राहिले. गाडी सुरू झाली नाही, जाऊ दे. बढती दुसऱ्यालाच मिळाली, जाऊ दे. पोरगी गणितात नापास झाली, तरी जाऊ दे. सोड, मनाला लावून घेऊ नकोस, एवढाच त्याचा अर्थ. हिवाळाभर पोरीला घरात किती कोंडायचं, म्हणून त्यांनीच तिला कोपऱ्यावरच्या कर्लिंग क्लबात नेऊन सोडलं. एकीने बर्फावरून जडशीळ गुळगुळीत दगड घसरवत सोडायचा, दोघींनी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत पळायचं. घासलं की दगड लांब जातो, नाही घासलं तर अलीकडेच थांबतो. पलीकडच्या वर्तुळाच्या मध्याशी ज्यांचा दगड, ते जिंकले. बाबा म्हणायचे, "अंगण झाडायचाच खेळ आहे हा, इथे त्याचं मेडल देऊन राहिले."

ऊर्मी त्यात इतकी तरबेज झाली की पुढे भारताच्या संघाची कप्तान झाली. संघ भारताचा, पण चौघी कॅनडात राहणाऱ्या आणि चौघी मराठी. मग डोकं चाललं, की हाकारे मराठीतूनच द्यायचे, समोरच्यांना पत्ता लागायला नको. घासायचं तर "घासा", थांबायचं तर "राहू दे". या दोन शब्दांवर त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलं.

आणि मग फिनलंडमधली ती मॅच. जागतिक स्पर्धा गाठायची तर शेवटचा दगड वर्तुळात थांबायला हवा होता. दगड नेमक्या वेगाने येत होता. ब्रशसुद्धा लावायची गरज नव्हती. वर्तुळापाशी उभ्या ऊर्मीच्या तोंडून "राहू दे" निघायचं, ते राहिलं बाजूला आणि निघालं ते बाबांचं, घरचं: "जाऊ दे! अगं, जाऊ दे!" ब्रशवर होती यामिनी, तिची जिवाभावाची मैत्रीण. यामिनीला वाटलं, जाऊ दे म्हणजे पुढे जाऊ दे. ती जीव खाऊन घासत सुटली. ऊर्मी जितकी जोरात ओरडली, तितकं यामिनीने जोरात घासलं. दगड वर्तुळ ओलांडून मागे जाऊन आपटला आणि भारत घरी गेला.

चूक कुणाची, यावर दोघी कधी भांडल्या नाहीत. बोलणंच बंद झालं, भांडणार कशा? यामिनी नोकरी धरून ओटावा शहरात राहिली आणि तिने ब्रश पुन्हा हातात घेतला नाही.

पण कर्लिंगच्या खेळाडूंच्या अंगावर माइक असतात. ऊर्मीचा तो आकांत, यामिनीचं ते घासणं, सगळं जगभर फिरलं. लोक हसून लोळले. कुणी त्याचं गाणं केलं, कुणी टी-शर्ट काढले. खेळणं सोडल्यावर एका स्पोर्ट्स चॅनेलने ऊर्मीला कॉमेंट्रीला बोलावलं तेव्हा तिला वाटलं, आपल्याला बर्फ कळतो म्हणून बोलावलं. पहिल्याच दिवशी प्रोड्यूसर डगने सांगितलं, दगड वर्तुळाबाहेर गेला की तो शब्द म्हणायचा. माणूस वाईट नाही डग. पण गायीला दूध किती आहे ते त्याला बरोबर कळतं.

म्हणजे देशाला बुडवणारी स्वतःची चूक ती काचेच्या खोलीत बसून दर सामन्याला पुन्हा करते, आणि हसत करते. दगड अर्ध्यात असतानाच तो कुठे थांबणार हे ती सांगते, आणि ते सहसा खरं होतं. ते कुणाच्या लक्षात राहत नाही. मॉन्ट्रियलच्या एका चॅनेलकडे तिने गुपचूप अप्लाय केलं, तर इंटरव्ह्यूत पहिलंच वाक्य, "एकदा म्हणून दाखवा ना." महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती संपली की तीच फर्माईश. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या एका म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "जाऊ दे बेटा," आणि मागे उभं कुणीतरी चक्क फिसकन हसलं. त्या दिवशी ऊर्मी बाथरूममध्ये जाऊन खूप रडली. बाप गेला होता आणि बापाचा शब्दही तिच्याकडे राहिला नव्हता.

या फेब्रुवारीत तिची मुलगी केया प्रांताच्या ज्युनियर फायनलला पोचली, कप्तान म्हणून. कॉमेंट्री ऊर्मीचीच. आई-मुलगी म्हटल्यावर डगला आनंदाचं भरतं आलं होतं. सकाळी गाडीत केया खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मॉम, प्लीज. आज ते म्हणू नको. नॉट ऑन मी." केया मराठी बोलली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. ऊर्मीने शब्द दिला. मग डगलाही सांगितलं. तो म्हणाला, "बघू."

सामना शेवटच्या दगडापर्यंत बरोबरीत राहिला. केयाने दगड सोडला आणि हातातून सुटतानाच ऊर्मीला दिसलं की वेग जास्त आहे. थांबवायला ती काही करू शकत नव्हती. काचेआडून ओरडलं तरी खाली ऐकू जात नाही. दगड वर्तुळात शिरला, मध्यावरून सरकत गेला आणि बाहेर पडला.

कानात डगचा आवाज आला, "ऊर्मी. नाऊ."

तिने ओठ मिटून घेतले.

"ऊर्मी, आख्खा देश वाट बघतोय."

इतकी वर्षं कॉमेंट्री केली, पण गप्प बसायला इतके कष्ट तिला कधी पडले नव्हते. माइक चालू, ती मुकी. आज मी सुटले, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

मग खालून आवाज आला. आधी मागच्या बाकांवरून एकट्याचा, मग चार-पाच जणांचा, मग सगळ्या हॉलचा, प्रेमाने, टाळ्या वाजवत: "जाव डे! जाव डे!" केया बर्फावर गुडघे टेकून बसली होती. तिने मान वर करून काचेकडे पाहिलं.

परत जाताना गाडीत हीटरचा तेवढा आवाज. शेवटी ऊर्मीच म्हणाली, "केया, मी नाही बोलले गं. शपथ."

"आय नो, मॉम. आय चेक्ड द क्लिप." केया बाहेरच बघत होती. "यू डोन्ट इव्हन हॅव टू से इट एनीमोर."

ऊर्मीला रस्ता दिसेना. तिने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. केया घाबरली. आईला असं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने पट्टा सोडला, जवळ सरकली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मग ती अगदी मायेने, मनापासून म्हणाली, "जाव डे, मॉम. जाव डे."

अर्थ बरोबर आजोबांचा होता. उच्चार टीव्हीचा होता.

ऊर्मीने डोळे पुसले, पोरीचा हात धरला आणि तिचा उच्चार सुधारायला तोंड उघडलं. पण नीट म्हणून दाखवायचं तर तिला तो शब्द म्हणावा लागला असता. तिने गाडी सुरू केली.