मिठाचा उपडा चमचा

चुका काढण्यात माझ्या धाकट्या दिरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या पनवेलात झाला नाही आणि होणारही नाही. त्यातून ते चूक काढत ती लांबूनच. चाखून आमटीला अळणी कोणीही म्हणेल, भाऊजी स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणत, "वहिनी, मिठाचा चमचा अजून घासून उपडा घातलेलाच दिसतोय." उरणहून येणाऱ्या कोळणीने पाटी उतरवायच्या आत त्यांनी सुरमई कालची ठरवली, तेव्हा ती कडाडली, "हात तरी लावा! नुसतं बघून काय कलतंय तुमाला?" सुरमई कालचीच निघाली.

नोकरीवरून आले की संगणकावरही हेच. प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून त्यातल्या चुका दाखवणारं एक अवजार त्यांना सापडलं होतं आणि ते लिनक्स नावाच्या, फुकट मिळणाऱ्या एका संगणकप्रणालीच्या भांडारात पोचवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. तिथे गेलं की जगात कोणालाही ते सहज घेता येणार. मला काही कळेना, तेव्हा म्हणाले, "तुम्ही तुमच्या ताईंना दुबईला फराळ पाठवता ना? नुसता डबा कोंबून भागत नाही. आत काय आहे, कशाबरोबर काय लागेल, कुठला डबा कोणाचा, सगळं लिहावं लागतं. तसंच हे." त्या बांधाबांधीत वर्ष गेलं. लिनक्सची नवी आवृत्ती निघायची म्हणून भांडाराची दारं नव्या पार्सलांना लवकरच बंद होणार होती आणि भाऊजींचं जेवणात लक्ष नसे. आमटीला नावं ठेवणंसुद्धा त्यांनी सोडलं. मी घाबरून, भाऊजींचं काम होऊ दे म्हणून गणपतीला एकवीस मोदक बोलले.

आणि पार्सल परत आलं! एका फाइलवर ती कोणाची हे लिहिलेलंच नव्हतं. नाव न घातलेलं भांडं आमच्या सोसायटीतल्या बायकाही ठेवून घेत नाहीत, तसलाच नियम. परक्यांच्या झाडून सगळ्या फाइलींवरची नावं भाऊजींनी तपासली होती. राहिलं ते नेमकं त्यांनी स्वतः लिहिलेल्या फाइलवरचं. मला हसू आवरेना. ते ओशाळून म्हणाले, "घरातल्या घरात वापरायच्या भांड्यावर कोण नाव घालतं, वहिनी?"

नाव घातलं आणि दार बंद होता होता पार्सल आत गेलं. मी मोदक केले. कुठला फुटणार ते भाऊजींनी वाफवण्याआधीच सांगितलं. पुढे तेच काम बघून जर्मनीतल्या एका कंपनीने त्यांना बोलावून घेतलं. नवस माझाच, मग देवाशी भांडायची तरी सोय कुठे राहिली?

आता आमटी अळणी झाल्याचं आम्हाला पहिल्या घासाला कळतं. कोळीण अजून विचारते, "भावजी कवा येनार? भांडाया कोनी नाय." रविवारी त्यांचा व्हिडिओवर फोन येतो. परवा मी मुद्दामच मिठाचा चमचा त्यांना दिसेल असा उपडा ठेवला, उकळत्या आमटीसमोर फोन धरला आणि वाट बघत राहिले. भाऊजी बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "छान झालीय, वहिनी."

आमच्या घरात त्यांनी आमटीला छान म्हटल्याचं मला आठवत नाही. फोन ठेवला, चमचा सुलटा केला, मीठ घातलं आणि मला रडूच आलं.