चौथा ट्रॅक आणि पंख्याचं बटण

रविवारी दुपारी मी गुडगावच्या आमच्या फ्लॅटमधल्या छोट्या खोलीत दाराला रजई टांगून, पंखा आणि एसी दोन्ही बंद करून बसले होते. जून महिन्यात... नवऱ्याने एकदा डोकावून पाहिलं आणि पाण्याची बाटली ठेवून गेला.

कारण माझा 'स्टुडिओ' तयार झाला होता! स्टुडिओ म्हणजे दादा परदेशी जाताना माझ्याकडे ठेवून गेलेला जुना फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डर, त्याचाच माईक आणि एका बाजूनेच वाजणारा हेडफोन. "अगं, हे सगळं मोबाईलवर पाच मिनिटांत होतं यार," असं नवरा आधीच म्हणाला होता. होतं ना... पण मला मोबाईलवर करायचंच नव्हतं.

या मशीनवर एकाच कॅसेटमध्ये चार वेगवेगळे आवाज भरता येतात. आधीचे ऐकत ऐकत पुढचा. कॉलेजात असताना दादाने स्वतः चाल बांधलेलं एक गाणं त्यावर भरलं होतं... पहिल्या ट्रॅकवर गिटार, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर त्याचा आवाज. "चौथा तुझा. जरा मोठी हो, मग," असं म्हणायचा.

तोवर माझ्याकडे पंख्याचं खातं. बाबांच्या सरकारी क्वार्टरमधला पंखा फार घरघरायचा, म्हणून रेकॉर्डिंग सुरू झालं की मी मोढ्यावर, म्हणजे वेताच्या स्टुलावर, चढून बटणापाशी उभी. गाणं संपेपर्यंत सगळं घर घामाघूम, आणि आईची कुरकुर वेगळीच.

मी मोठी झाले तोवर दादा कॅनडाला गेला. पुढे आई-बाबा वारले, ते क्वार्टरही पाडलं. दादा शेवटचा येऊन गेला त्याला सहा वर्षं झाली... भांडण नाही, काही नाही. वाढदिवसाला फोन, दिवाळीला फोटो. मला मात्र माझा दादा हवा होता, आणि ते फोनवर कसं सांगायचं तेच कळत नव्हतं.

म्हणून हे मशीन काढलं. तर ते फिरेचना. जुन्या दिल्लीतल्या एका मिस्त्रींकडे नेलं, तेव्हा कळलं की आतल्या रबरी पट्ट्याचं पार डांबर झालंय. "मैडम, बेल्ट गल गई है, मशीन में अभी जान है," म्हणाले आणि नवा पट्टा घालून दिला.

तर रविवारी कॅसेट लावली. दादाचा तेव्हाचा कोवळा आवाज... गाणं संपलं आणि अगदी शेवटी लांबून एक चिरका आवाज आला, "दादा, लावू का पंखा?" अरेच्चा, ही तर मीच! त्यावर त्याचं उत्तर मात्र नाही. तोवर त्याने मशीन बंद केलं असणार.

कॅसेट मागे नेली आणि चौथ्या ट्रॅकवर गायले. दोनदा बेसूर झाले, घाम डोळ्यांत गेला. गाणं संपलं, कानात ती छोटी पोरगी विचारायला लागली आणि तिच्याबरोबर माझ्याही तोंडून आपोआप निघालं... "दादा, लावू का पंखा?" खोलीत कोणीच नाही, आणि रेकॉर्डिंग चालूच.

पुसणार होते. नाही पुसलं. चारही ट्रॅक एकत्र मोबाईलवर घेतले आणि एक शब्दही न लिहिता दादाला पाठवले.

दोन निळ्या खुणा आल्या. रात्री जेवताना मी दहा वेळा फोन पाहिला असेल.

सोमवारी सकाळी डबा भरताना त्याचा व्हॉइस मेसेज आला. आधी घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग... "लाव गं आता. किती वेळ उभी आहेस!"

डबा तसाच टाकला, त्या खोलीत जाऊन पंखा लावला आणि त्याच्याखाली फरशीवर बसून पोटभर रडले.

मिस्त्रीजी, तुमच्या त्या वीतभर पट्ट्याचे उपकार कसे फेडू... आणि दादा, एकदा ये रे. बटणापाशी मी आहेच.