ठिपकीला चोळलेलं तेल

"हा वात नाही. डी.डी.टी. पॉयझनिंग आहे," डॉक्टर म्हणाले. पॉयझनिंग म्हणजे विषबाधा. एवढं म्हणून ते आत्याच्या मांजरीच्या, ठिपकीच्या, पोटावरून बोट फिरवू लागले आणि मध्येच थांबले. बोटांचा वास घेऊन पाहिला. "हे तेल कसलं?"

"तिळाचं," आत्या म्हणाली. "कोमट करून चोळलं. दोनदा."

महाडचा हा दवाखाना गुरांचा. आमच्या आधी एक बैल, एक व्यायला झालेली म्हैस आणि खुराला जखम झालेली एक गाय होती. मी करंडी मांडीवर घेऊन भिंतीशी बसले होते. बैलवाल्याने झाकणाच्या फटीतून पाहिलं आणि बाकीच्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गो ताई, दूध किती देते ही?" सगळे हसले. आत्या हसली नाही. मी खाली पाहत राहिले. झाकणाची फट फडक्याने झाकली.

शाळा संपल्यावर वडिलांनी मला मुंबईहून पोलादपूरला आत्याकडे पाठवलं होतं. आत्या विधवा, घरात एकटी. ठिपकी तिची. आत्या दिवसभरात माणसांशी जितकं बोलत नसे तितकं तिच्याशी बोले. "आज आमटी बिघडली, कुणाला सांगू नकोस," असलं काहीबाही.

मलेरियावाले आदल्या आठवड्यात घरोघर डी.डी.टी. फवारून गेले होते. पाठीवर पंप, हातात लांब नळी. भांडी झाका, धान्य झाका, भिंती सारवू नका, असं त्यांनी घरोघर सांगितलं. मांजराचं काय, असं आत्याने विचारलं, तेव्हा त्यांचा मुकादम म्हणाला, "मांजराला कुठं मलेरिया होतो, बाई?" आणि पुढच्या घरी गेला. भिंतींवर पांढरट पूड वाळून बसली. झुरळं उताणी पडू लागली. ठिपकी त्यांच्याशी खेळली, काही खाल्लीही, आणि नेहमीसारखी चुलीमागच्या भिंतीला पाठ लावून झोपली.

पहिलं लक्षण अगदी बारीक होतं. तिचे कान थरथरत होते. मग मिशा, मग मान. बशीतलं दूध पिताना तोंड बशीच्या बाहेर जाऊ लागलं. शेजारची सखूकाकी दारातून म्हणाली, "हिला पन हिवताप आला काय गो?" दुसऱ्या दिवशी मागचे पाय चालेनात. तेव्हा आत्या म्हणाली, "वात आहे हा. माझ्या सासऱ्यांना असाच कंप होता."

वाताला तेल. आमच्याकडे यावर कुणी विचारसुद्धा करत नाही. आत्याने वाटी निखाऱ्यावर धरली, ठिपकीला मांडीवर घेतलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत चोळलं. इतक्या हलक्या हाताने की ठिपकी थोडा वेळ घुरघुरली. विषबिष पोटात गेलं असेल तर उतारा म्हणून चमचाभर तूपही चाटवलं. रात्रीतून थरथर वाढली. सकाळी झटका आला, पाय ताठ झाले, तेव्हा आम्ही पहिली एस.टी. धरली.

डॉक्टरांनी तिला साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं. धुताना ते थोडं थोडं बोलत होते. मांजर अंग चाटतं, त्यामुळे अंगावरचं सगळं त्याच्या पोटात जातं. कन्व्हल्शन, म्हणजे झटका, थांबवायला त्यांनी फेनोबार्बिटोनचं इंजेक्शन दिलं. हे गुंगीचं औषध. "मांजराला किती द्यायचं याचा मला अनुभव नाही," ते म्हणाले. "अंदाजाने देतो आहे." त्यांनी हे सांगितलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मग माझी शाळा कोणती हे विचारून ते इंग्रजीत बोलू लागले. आत्याला कळू नये म्हणून, हे माझ्या लक्षात आलं. डी.डी.टी. पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. कातडीवरची पूड कदाचित धुऊन गेली असती. तेलाने ती आत नेली, तुपाने पोटातलीही. आशा फारशी नाही.

आत्या माझ्याकडे पाहत होती. "काय म्हणाले?"

मी करंडीचं झाकण चाचपू लागले.

"मराठीत सांग. मांजर माझं आहे."

मी सांगितलं. जसं ऐकलं तसं, काही न गाळता. आत्याने करंडीतलं फडकं काढलं, घडी केली, पुन्हा उलगडलं. म्हणाली, "बरं." दुपारी ठिपकी शांत झाली, आम्हाला वाटलं उतार पडला. बैलवाला जाताना थांबला आणि हळूच म्हणाला, "जगंल हो." ती संध्याकाळच्या आत गेली.

पोलादपुरात बातमी आमच्या आधी पोचली की काय, कोण जाणे. मांजर मारलं की काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे लोकांना चांगलं आठवत होतं. मलेरियावाल्यांना कुणी काशी सांगितली नाही. ती आत्याच्या वाट्याला आली.

खरं तेही लिहायला हवं. त्या वर्षी गणपतीनंतर आत्याला हिवताप आला नाही. दरवर्षी येणारा, तिला चार गोधड्यांखाली खिळवणारा ताप आला नाही. "एवढं औषध लागू पडलं," ती म्हणाली, आणि त्यात आनंद नव्हता.

पुढच्या फवारणीनंतर आत्या घरोघर गेली. मांजर असेल तिथे उभी राहून सांगत होती, फवारलेल्या भिंतीपासून त्याला लांब ठेवा, अंग साबणाने धुवा, तेल लावू नका, तूप देऊ नका. मी मागे उभी होते. सखूकाकीने आपलं मांजर पदराखाली घेतलं. "आपलं मारलंस नि आता आमाला शिकवतेस? जा गो, सावली नको पाडू त्याच्यावर."

"तेल लावू नका, काकी," मी म्हणाले. परक्या दारात मी आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य असेल.

"तुला काय म्हायती नाय," सखूकाकी म्हणाली, आणि दार लावलं. तिचं मांजर थरथरू लागलं तेव्हा तिने तेल लावलंच. ते मांजरही गेलं. तिला कुणी बोल लावला नाही.

आत्याने दुसरं मांजर पाळलं नाही. पण फवारणी झाली की ती अजून निघते, आणि लोक अजून ऐकत नाहीत. म्हणून हे लिहिते आहे. तुमचं मांजर थरथरू लागलं तर वाटी चुलीवर ठेवू नका. साबण घ्या, अंधाऱ्या शांत जागी ठेवा, गुरांच्या दवाखान्यात न्या. तिथे लोक हसतील. हसू द्या.

आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं कुणी विचारलंच, तर पोलादपूरच्या एका बाईने, असं सांगा. तिला ते फुकट कळलेलं नाही.