जांभळ्या कव्हरची कादंबरी

वाचनालयात तिला ग्रंथपाल असं कुणीच म्हणत नसे. सगळे शिफारसबाई म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडे. सभासद दारातून आत आला की ती चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा बघे आणि जाहीर करे, "तुम्हाला आज भूत हवंय." निवृत्त पोस्टमनना भूतच हवं असे. दातांच्या डॉक्टरांना खून लागत, तेही निदान तीन. दिवसभर लोकांचं विव्हळणं ऐकणाऱ्या माणसाला घरी गेल्यावर आणखी रक्त कशाला हवं, देव जाणे. पण डॉक्टर तीनच्या खाली ऐकत नसत. शिवणवर्गाच्या बाईंना प्रेमकथा. "फक्त आजार नको हं त्यात," त्या बजावत. "मागच्या खेपेला नायिका खोकली तेव्हाच माझं मन उडालं."

यातली मेख अशी, की नवी पुस्तकं शनिवारी येत आणि सोमवारी सकाळी "नवीन काय?" म्हणून रांग उभी राही. दोन दिवसांत बारा कादंबऱ्या संपवायला शिफारसबाईला काही चार डोकी नव्हती. ती प्रत्येकीची पहिली वीस पानं वाचे, मागचं कव्हर वाचे, आणि उरलेलं पुस्तक आत्मविश्वासाने भरून काढे. "शेवट? अहो, अगदी गोड!" हे ती अशा काही थाटात सांगे, की खुद्द लेखकालाही आपण तो तसाच लिहिलाय असं वाटावं.

या गोड शेवटांची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक तिची वहिनी. दादाचं फोटो फ्रेम करायचं दुकान चार मिनिटांवर होतं. दर गुरुवारी दुपारी वहिनी यायची, काउंटरवर कोपर टेकायची आणि विचारायची, "काही नवीन?" शिफारसबाई पुस्तक पुढे सरकवायची, वहिनी ते पिशवीत टाकायची, झालं. अशी अकरा वर्षं गेली. आमच्या नणंद-भावजयीत एकदाही भांडण झालं नाही, असं शिफारसबाई चारचौघांत मिरवायची. भांडणासाठीसुद्धा आधी बोलावं लागतं, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

अशाच एका गुरुवारी तिने वहिनीला जांभळ्या कव्हरची कादंबरी दिली. "प्रेमकथा आहे. नायिका घर सोडून जाते. पण घाबरू नका, शेवट गोड आहे." पुढच्या गुरुवारी वहिनीने पुस्तक परत केलं. शनिवारी तिने स्वतःच घर सोडलं. दुसऱ्या शहरातल्या मैत्रिणीकडे गेली, आणि टेबलावर तीन ओळी ठेवून गेली: मी परत येणार नाही. शोधू नका. इस्त्रीचे कपडे वरच्या कप्प्यात आहेत.

सोमवारी दादा वाचनालयात शिरला.

"कुठाय ते?"

"काय, दादा?"

"ते जांभळं! घरफोडं पुस्तक!"

"अहो, जरा हळू," डॉक्टर म्हणाले, "वाचनालय आहे हे."

"वाचनालय कसलं? लोकांच्या संसाराचं वाटोळं करायचा कारखाना आहे हा! आठवडाभर घरात टेबलावर होतं ते. मागच्या कव्हरवर छापलंय, बाई घर सोडून जाते म्हणून. ते पुस्तक वाचलं आणि ही गेली. आणि दिलं कुणी? माझ्या सख्ख्या बहिणीने!" मग एकदम त्याचा आवाज खाली आला. "आता माझ्या दारात येऊ नकोस, धाकटे."

संध्याकाळपर्यंत त्या पुस्तकासाठी चौदा जणांनी नंबर लावला. पोस्टमननी जन्मात प्रेमकथेला हात लावला नव्हता. ते तिसरे होते. इतकी जोरदार शिफारस बाईला बावीस वर्षांच्या नोकरीत कधी साधली नव्हती. एरवी ती यावर पोट धरून हसली असती. पण वडील गेले तेव्हा शाळा सोडून काच कापायला बसलेला, आणि धाकटीची शाळा सुटू न देणारा हाच तो दादा. त्याचं दार बंद होणं म्हणजे तिचं माहेरच संपणं.

तिने पुस्तक कुणालाच दिलं नाही. टेबलाच्या खणात कोंबलं आणि दोन आठवडे तो खण उघडला नाही. तिसऱ्या शनिवारी दुपारी वाचनालय रिकामं असताना मात्र तिने ते बाहेर काढलं. आपण वहिनीला नक्की काय दिलं होतं, ते बघू तरी.

अठ्ठावन्नाव्या पानावर केसांची पिन होती. पोपटी टोकाची. वहिनीची. अठ्ठावन्नाव्या पानावर नायिका खिडकीला पडदे कुठले लावावेत याचा घोळ घालत होती. घर सोडायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं. शिफारसबाई पुढे वाचत गेली, आणि चौसष्टनंतर पान उलटेना. छापखान्यात कापताना चूक झाली होती. पासष्टपासून थेट शेवटपर्यंतची पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती. ती कुणीही सोडवली नव्हती. त्यापुढचं पुस्तक कुणी वाचलेलंच नव्हतं.

"सुटले!" ती मोठ्याने म्हणाली.

रविवारी सकाळी तिने पुरावा पिशवीत घातला, पिनेसकट, होता तसा. वाटेने वकिलासारखं भाषण जुळवलं. दादा, बघ, पुस्तक निर्दोष. मी निर्दोष.

दादाने दार उघडलं. ते उघडंच ठेवून तो आत वळला. आत जमिनीवर फोटोंचे खोके उपडे केलेले होते.

"हिचा एकटीचा फोटो शोधतोय," तो म्हणाला. "आख्ख्या गावाचे फोटो फ्रेम केले मी. घरात हिचा एकही नाही. आहे तिथे कडेला. इथे तर अर्धीच आलीय."

शिफारसबाई खुर्चीच्या कडेवर टेकली. दादाची दाढी वाढली होती, आणि अंगातला सदरा इस्त्रीचा नव्हता; वरचा कप्पा रिकामा झाला असावा.

"ते पुस्तक नसतं तर ती गेली नसती," दादा म्हणाला. मग मान वर करून त्याने विचारलं, "हो ना, धाकटे?"

भाषण जिभेवर तयार होतं. पुस्तक निर्दोष, बहीण निर्दोष. मग या खोलीत उरलं कोण? तो एकटा.

"नसती गेली, दादा," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

त्याने मान हलवली. मग त्याची नजर पिशवीकडे गेली. "तेच ना ते? जांभळं? दे इकडे."

"राहू दे रे."

"दे म्हणतो ना."

त्याने पानं चाळली आणि त्याचा हात अडला. काच कापणाऱ्या माणसाला कापायचं राहिलेलं आधी दिसतं. "ही तर जोडलेली आहेत. कुणी उघडलेलीच नाहीत."

"दुसरी प्रत आहे ती," शिफारसबाई घाईघाईने म्हणाली. "वहिनीने नेलेल्या प्रतीवर ना, चहा सांडला."

दादाने पुस्तक जरा तिरकं केलं, तशी पिन फरशीवर पडली. केवढासा आवाज झाला, पण दोघांनीही ऐकला. दादाने ती उचलली, सदऱ्याला पुसली आणि बराच वेळ तळहातावर धरून ठेवली. दुसऱ्या प्रतीबद्दल त्याने काही विचारलं नाही.

मग तो दुकानात जाऊन पातळ पात्याची सुरी घेऊन आला आणि एकेक पान सोडवू लागला. एकही कड फाटू दिली नाही. शेवटचं पान मोकळं झाल्यावर म्हणाला, "शेवटी परत येते का ती?"

"कोण?"

"यातली."

"मला माहीत नाही, दादा. मी वाचलेलं नाही."

"मग हिला का दिलंस?"

"नवीन आलं होतं म्हणून."

दादा रागावला असता तर बरं झालं असतं. "मी तर अकरा वर्षांत विचारलंही नाही, काय वाचतेस म्हणून," तो म्हणाला, आणि पुस्तक तिच्यापुढे केलं. "वाच."

तिने चष्मा पुसला आणि पासष्टावं पान उघडलं.

"तिथून नको," दादा म्हणाला. "पहिल्यापासून. हिने वाचलं तेवढं आधी ऐकू दे मला."