काजळीतला वीतभर तुकडा

सिद्धार्थ, मैत्रेयी,

आमची आजी कुठलाही साप बरोबर ओळखते, असं तुम्ही शाळेत सांगितल्याचं तुमच्या आईकडून कळलं. पुन्हा सांगण्याआधी हे वाचा.

मी मिलिटरी नर्सिंगमध्ये मेजर होते. जवानांना साप ओळखायला शिकवायचे. मण्यार विषारी. काळी, पांढरे पट्टे जोडीजोडीने, मानेकडे पुसट, शेपटीकडे ठळक. कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, शेपटीकडे विरतात. शंका आली तर कणा बघायचा. मण्यारीच्या कण्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग असते.

एका वर्षी मी रजेवर गावी, कुरुंद्याला होते. शेजारच्या किसनरावांचा मुलगा मिलिंद, सैन्यात नाईक, तोही सुट्टीवर आला होता. हळद शिजवायचं काम चालू होतं, म्हणून शेतातच झोपला. सकाळी ०६२० वाजता वळकटी गुंडाळताना बोटाला टोचलं. लोकांनी साप मारला आणि लगेच हळदीच्या चुलवणात टाकला. मारलेला साप जाळला नाही तर जोडीदार डूख धरतो, अशी समजूत.

मी ०६४० ला पोहोचले. साप बाहेर काढायला लावला. मानेकडचा वीतभर तुकडा उरला होता. करंगळीएवढा जाड, काजळीने माखलेला.

"काहून इतकं बघून राहिलात, मावशी?" मिलिंद हसला. "विषारी असंल तर लिहून द्या. सुट्टी तरी वाढंल."

"दुखतंय?"

"न्हाई. मुंगी चावल्यावानी."

पट्टे मानेपासूनच दिसत होते. "कवड्या आहे," मी म्हणाले.

"जीप काढू का, ताई? वसमतला नेतो," किसनराव म्हणाले.

"गरज नाही."

सगळे कामाला लागले. मी काजळी पुसून कणा बघितला नाही. मण्यारीचा दंश दुखत नाही, हेही मीच शिकवत असे.

०८०५ ला त्याला चहा गिळेना. पापण्या उचलेनात. "मावशी, तुमी दोन-दोन दिसून राहिलात." जीप निघाली. वसमतच्या अलीकडे श्वास थांबला. दवाखान्यापर्यंत मी तोंडाने श्वास देत राहिले. उपयोग झाला नाही.

युनिटला फोन मीच केला.

"नाईक मिलिंद एक्स्पायर्ड, सर. स्नेक बाइट."

"इव्हॅक्युएशनला उशीर?"

"येस सर. माझ्यामुळे."

संध्याकाळी तुकडा धुतला. कण्यावर षट्कोनी खवल्यांची रांग होती. मण्यारीचं पिल्लू होतं. पिल्लांना पट्टे मानेपासूनच असतात.

किसनरावांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमी काय मुद्दाम केलं व्हय, ताई?" त्यांनी ओरडायला हवं होतं.

मिलिंद सत्तावीस वर्षांचा होता. किसनराव हयात आहेत. शेतात साप निघाला की अजूनही मलाच बोलावतात.