गच्चीवरचा दुसरा ठिपका

तात्यांचा कशावरच विश्वास नव्हता. टँकर आला, टाकी भरली, असं कुणी सांगितलं तरी ते गच्चीवर जाऊन टाकीवर टकटक करत, कान लावत आणि मगच मान हलवत. फुलंब्रीकडच्या मेंढपाळ घरातले तात्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. दुष्काळाची वर्षं; शहरात रोज नवी इमारत आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. टाकी वाजवायला ते दिवसातून चारदा वर जायचे.

माझं संशोधनही त्याच गच्चीवर. आठच अँटेना, मध्ये मोकळी जागा सोडून लावलेल्या. एकाच लहरीनं निरोपही पाठवायचा आणि समोर काय आहे तेही ओळखायचं. समोर मी पत्र्याचं एकच पिंप ठेवायचे. पडद्यावर ठिपके मात्र दोन! परीक्षक पंधरा दिवसांवर, पीएचडी टांगणीला. दुसरा ठिपका कुणाचा असणार? टाकी वाजवायला आलेल्या तात्यांचाच!

"मी टाकीमागं होतो, ताई. दिसतंय म्हून असतंच असं नाय," ते म्हणाले.

"मशीन खोटं बोलत नाही," मी फणकारले आणि विभागप्रमुख सरांकडे लेखी तक्रार ठोकली. तात्यांची भांडारात बदली झाली.

दुसऱ्या दिवशी गच्चीला कुलूप लावून प्रयोग केला. ठिपके दोनच. शरमेनं मेल्यासारखं झालं. मग आठवलं, माझ्या अँटेना बघून तात्या एकदा म्हणाले होते, "मेंढरं राखताना आमी असं सारक्या अंतरावर नाय बसत. लांडग्याला अंदाज लागतो." मी अंतरं कमीजास्त केली. दुसरा ठिपका विरून गेला. अँटेना लांब लांब, पण सारख्या अंतरावर लावल्या की एकच वस्तू दोन दिशांना दिसते. एवढी साधी चूक माझी होती.

धावत भांडारात गेले, माफी मागितली.

"तोंडी नको, ताई. तक्रार लेखी व्हती. म्हैन्यानं रिटायर व्हतोय, डाग नको. लिहून द्याल ना?"

"उद्या देते."

टाकीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागच आला मला. एवढाही विश्वास नाही?

कागद लिहिला, पण दिला तर माझी चूक परीक्षकांपर्यंत जाईल, म्हणून परीक्षेनंतर देऊ म्हटलं. पीएचडी झाली, मग तोंड दाखवायची लाज वाटली. तात्या निवृत्त झाले, दोन वर्षांनी वारलेही. तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, सही केलेला.