नऊ नंबरच्या टाकीतल्या बारा माद्या

"१४ मार्च २००९, शनिवार. सकाळी ढगाळ. नऊ नंबरची टाकी रिकामी आढळली. बाराच्या बारा माद्या दारातल्या कमळाच्या कुंडात. करणारी : सूनबाई. हेतू : चांगला. श्री. उई दुपारी तीनला माद्या न्यायला येणार आहेत."

एवढं लिहून ल्यू आंटींनी पेनाला टोपण लावलं.

मलेशियातल्या बुकित मर्ताजामच्या त्या गल्लीत विनिफ्रेड ल्यू यांना सगळे ल्यू आंटीच म्हणत. नवरा फूक-सेन रेल्वेत सिग्नल सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात गप्पी मासे. एकवीस वर्षं खपून त्याने एक वाण उभा केला होता. अंगावर सापाच्या कातीसारखी नक्षी, मागे लिंबाच्या रंगाची पंख्यासारखी शेपटी. मासेवाल्यांत त्याला 'ल्यू पिवळा' म्हणत. फूक-सेन गेल्यावर वाण आंटींनी सांभाळला. काम एकच, पण चुकून चालत नाही. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की भिंगातून पाहून नर एका टाकीत, माद्या दुसरीत. गप्पीची मादी एकदा नराजवळ राहिली की पुढे कित्येक महिने त्याचीच पिल्लं देत राहते. आंटी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. मुलं-मुली वेगळी बसवणं त्यांना नव्याने शिकावं लागलं नाही.

पण आता डोळे साथ देईनात. म्हणून त्यांनी बटरवर्थच्या उईंना शब्द दिला होता की वाण तुम्ही न्या, नाव मात्र ल्यूंचंच ठेवा. नोंदवहीप्रमाणे या बारा सोडून एकही मादी उरलेली नव्हती.

"डेंग्यूवाले येणार होते, आई," सून सू-फेन म्हणाली. "शेजारच्या अंकलना परवाच दंड झाला. आपल्या कुंडात अळ्या दिसल्या, मासे कमी वाटले, म्हणून जवळच्या टाकीतले टाकले."

"कधी?"

"गुरुवारी."

"आणि आज शनिवार."

"उपाशी नाही राहिल्या हो. खायला भरपूर होतं."

"सगळंच भरपूर होतं," आंटी म्हणाल्या. कुंडात आधीपासून गटारातले गप्पी होते. दिसायला राखाडी, जेमतेम नखाएवढे, पण त्या एका बाबतीत कर्तबगार.

सू-फेनने बाराही जणी जाळीने उचलून टाकीत परत सोडल्या. मग म्हणाली, "त्यांना सांगायलाच हवं का? दिसायला तर त्याच आहेत."

"दिसायला त्याच आहेत, हे खरं," आंटी म्हणाल्या आणि इस्त्रीचा ब्लाउज काढायला आत गेल्या.

उई तीनला पाच मिनिटं असताना आले. टाकीसमोर उकिडवे बसून त्यांनी विजेरी लावली.

"काय घेर आहे शेपटीला. ल्यू अंकलचा हात तो ल्यू अंकलचा हात."

आंटींनी त्यांच्यासमोर कॉफी ठेवली. "श्री. उई, या दोन दिवस गटारातल्या नरांबरोबर होत्या."

उईंनी विजेरी विझवली. "सगळ्या?"

"बाराच्या बारा."

"आंटी, तुम्ही गप्प बसला असतात तर मला दीड महिना पत्ता लागला नसता."

"अडीच महिने," आंटींनी दुरुस्ती केली. "नर पिल्लांना रंग भरेपर्यंत. तोवर तुम्ही गटारातल्या माशांवर ल्यूंची पाटी लावली असतीत."

उई कॉफी पीत राहिले. "नुसते नर नेऊन काय करू? नक्षी बाप देईल, शेपटी आईकडून यायला नको? दुसरी एकही मादी नाही? म्हातारी, वाकडी, कसलीही?"

"वहीत नाही."

"ओट्यावरच्या बरणीतली चालेल का?" सू-फेनने आतून विचारलं. "ती मी टाकली नाही. बिचारीला कुबड आहे."

त्या मादीच्या नावापुढे आंटींनी जानेवारीत 'निवृत्त' असं लिहून रेघ मारली होती. रेघ मारलेल्या मादीची त्यांना आठवण झाली नाही, कारण रेघा त्या नीट मारत.

बरणी बाहेर आली. उईंनी विजेरी धरली. म्हातारीचं पोट काळपट, चौकोनी झालं होतं.

"ही शेवटी कोणाबरोबर होती?"

"घरच्याच नराबरोबर. डिसेंबरात. नंतर एकटी."

"मग आज-उद्यात देईल ही. तीन आठवड्यांनी येतो, आंटी. निवडायला मी बसेन, माझं भिंग आणतो. त्या बारा जणी कुंडातच जाऊ देत."

"पुन्हा मीच टाकू?" सू-फेनने विचारलं.

"तुलाच सवय आहे," आंटी म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी डायरीत लिहिलं : "म्हातारीला सात पिल्लं. आई पिल्लं खाते म्हणून तिला नूडल्स निथळायच्या चाळणीत ठेवलं, पिल्लं भोकांतून खाली जातात. जेवायला भात केला."